घरघंटीचा बिघाड

तक्रार आलेल्या घरातली घरघंटी सुरळीत चालत होती आणि म्हणूनच कंपनीच्या इंजिनिअर मृण्मयीला घाम फुटला होता. गिऱ्हाइकाला हवं ते देण्यात आपलं मशीन कुठे कमी पडतं, हे उद्या साहेबांना सांगायचं होतं. त्यावर नवं मॉडेल ठरणार होतं, कदाचित तिची नोकरीही.

"तुम्ही आलात की चालते, गेलात की बंद," घरातल्या सासूबाई सोफ्यावरून गुरगुरल्या.

पाणी द्यायला सून वाकली आणि पुटपुटली, "वायर मीच काढते, ताई. पूर्वी गिरणीत दळण न्यायचे, तेवढंच घराबाहेर पडणं व्हायचं."

मृण्मयीने पेला खाली ठेवला. साहेबांना हे काय सांगणार?

"सापडला का बिघाड?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडला, आजी. पण मशीन कंपनीत न्यावं लागेल. किती दिवस लागतील, सांगता येत नाही."