डाव्या दारावरचा पोचा

“डाव्या दारावरचा पोचा कुणाला काढू देऊ नकोस, मी गाडी त्याच्यावरूनच ओळखणार,” दृष्टी जाण्याआधी माझ्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, बजावलं होतं. लग्नाच्या दिवशी आमची मस्टँग मोटार चर्चच्या फाटकावर आपटली होती; तिच्या प्लॅस्टिकच्या वीतभर प्रतिकृतीवर त्याने तोच पोचा तापवलेल्या चमच्याने पाडला होता. धाकट्या दिराने, वेंडेलने, ती प्रतिकृतींच्या स्पर्धेसाठी नेली आणि पोचा उठवून दार रंगवून टाकलं. “वहिनी, पहिला नंबर! दादाची चूक कुठे होती, शोधून दाखवा!” जपमाळ मुठीत करकचली, तरी आवाज चढला नाही. “ती चूक नव्हती, भावजी. गाडी ठेवा, चषक उचला, चालते व्हा.” “एवढ्याशा खड्ड्यासाठी?” “हो. पुन्हा हा उंबरा चढू नका.” रविवारी शुश्रूषागृहात गाडी ऑर्व्हिलच्या हातात देईन, असा शब्द दिला होता. दार लावलं, रोजच्या प्रार्थनेची मेणबत्ती पेटवली आणि ज्योतीवर चमचा धरला.