ब्येड की ब्याड

चंद्रव्वा गेल्याचं कळलं त्या दिवशी शिवराजनं आयुष्यात पहिल्यांदा कुणावर हात उचलला, तो तिच्या सख्ख्या भावावर. दवाखान्याच्या दारातच गुरुबसप्पा म्हणाला होता, "दाजी, अक्का नको म्हणत होती. तुमी ऐकलं न्हाई." पुढचं बोलायच्या आत त्याचा ओठ फाटला.

भांडण नऊ सेकंदांच्या आवाजावरून होतं. आधीच्या दवाखान्यात चंद्रव्वा व्हरांड्यात जमिनीवर पडून होती, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. तिथून तिनं नवऱ्याच्या मोबाइलवर आपला आवाज पाठवला होता. मास्कची फुसफुस, पंखा, खोकला आणि त्यात दोनदा एकच शब्द. मोहोळकडच्या शिवराजनं तो 'ब्येड' ऐकला. जमिनीवरून उचला, खाट द्या म्हणते. त्यानं शहर पालथं घालून दुसऱ्या दवाखान्यात खाट मिळवली, गाडी केली, आणि ती गाडीतच गेली. गुरुबसप्पा अक्कलकोटकडचा, घरात कानडी. त्यानं तोच शब्द 'ब्याड' ऐकला. ब्याड म्हणजे नको. मला हलवू नका.

तिला माती देऊन बारा दिवस झाले आणि दोघं नव्या पेठेत पिंकीच्या मोबाइलच्या दुकानात उभे राहिले. फोनच्या स्पीकरवर निकाल लागत नव्हता. स्टेजवर गाणारे कानात घालतात तसले इअरफोन घ्या, त्यात बारीक अक्षरसुद्धा सुटं ऐकू येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं.

"ब्याड निघालं तर हितंच मुडदा पाडतो तुमचा," गुरुबसप्पा म्हणाला.

"आन् ब्येड निघालं तर?"

"पाय धरतो की."

पिंकीला वाटलं, मेव्हण्या-दाजींची थट्टा चाललीय. तिनं काचेच्या काउंटरवर दोन डब्या उघडल्या. "काका, स्वस्तात हे दोनच घेण्यासारखे. काळ्याचा आवाज जाड. ढोल लई भारी वाजतो, आणि वायर दोरीसारखी, ओढली तरी तुटायची नाही. हा चंदेरी पातळ वाजतो, पण बोलणं स्वच्छ. फक्त ह्याला जपावं लागतं. पिन सैल झाली की एक कान मुका."

शिवराजनं काळे कानात कोंबले. पंखा ढोलासारखा घुमला. त्याच्या आडून चंद्रव्वा म्हणाली, ब्येड. ब्येड.

"ऐक की लेका!" त्यानं ते उपसून मेव्हण्याच्या छातीवर फेकले. "खाट मागतीया तुजी भन. बारा दिवस मला खुनी म्हणालास."

गुरुबसप्पानं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. पण पाय काही धरले नाहीत. काळे त्यानं गळ्यात अडकवले आणि चंदेरी उचलले. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि स्वतःच्या हातानं ते दाजीच्या कानात बसवले.

आता पंखा लांब गेला होता. घशातली घरघर आली. आणि अगदी कानाच्या पाळीशी तोंड आणून सांगावं तशी ती म्हणाली, ब्याड.

शिवराजनं ते कानांतून उपसले.

"ब्येडच हाय," तो म्हणाला.

"खोटं बोलताय."

"ब्येड हाय!"

गुरुबसप्पाचा ठोसा त्याच्या नाकावर बसला. शिवराज काउंटरवर आदळला, काच फुटली, डब्या खाली सांडल्या. उठला तो रक्तानं माखूनच. त्यानं मेव्हण्याच्या गळ्यातली काळी वायर पकडली, दोन वेढे दिले आणि मागून आवळली. ती खरंच तुटेना.

"ब्येड म्हण!" तो ओरडत होता. "म्हण! ब्येड म्हणाली म्हण!"

गुरुबसप्पाचे डोळे पांढरे झाले. त्याच्या पायांखाली काच करकरत होती. त्याच्या तोंडून 'ब्या' निघालं की 'ब्ये', ते कुणालाच कळलं नसतं. पिंकीनं शटर ओढायची सळई घेतली आणि शिवराजच्या कोपरावर घातली. एकदा. दुसऱ्यांदा घातली तेव्हा वायर सुटली.

दोघं काचेत बसून धापा टाकत होते.

"भाड्यांनो, दुकान काय तुमच्या बापाचं हाय व्हय?" पिंकी ओरडली. तिनं खाली पडलेले चंदेरी उचलले, वायर फोनमध्येच होती. माल मेला की जिता ते बघायला तिनं कानात घातले आणि फोनवर बोट टेकवलं. डावा कान मुका झाला होता. उजव्यातून तिनं नऊ सेकंद ऐकलं. कपाळाला आठी घालून परत ऐकलं.

"एवढ्यासाठी जीव घेत होता?" ती म्हणाली. "कसलं ब्येड न् कसलं ब्याड. ब्याग म्हणतीय की बाई. ब्याग, ब्याग."

गुरुबसप्पानं गळा चोळत दाजीकडं बघितलं. वळ लालभडक उमटला होता.

"कसली ब्याग, दाजी?"

दवाखान्यात चोऱ्या फार म्हणून चंद्रव्वा गेली त्या दिवशी सकाळीच शिवराज तिच्या उशाची ब्याग उचलून घरी ठेवून आला होता. ती अजून दाराआड खुंटीला होती. उघडून बघायची राहिली होती.