रेशमाचे टाके

आमच्या आईच्या शिवणाला तोड नाही. फाटलेला कपडा ती असा शिवते, की फाटला कुठे होता हे शोधूनही सापडू नये!

आमच्या देशातल्या चौकीत बाबांना आणि काकाला एकाच दिवशी, एकाच तारेच्या चाबकानं सोलून काढलं होतं. दोघांच्या पाठीचं मांस लोंबत होतं. भीतीनं एकाही डॉक्टरनं दार उघडलं नाही, तेव्हा आईनंच सुई उकळली. आधी बाबांना घेतलं. रेशमी दोरा, मुंगीएवढे टाके, तीन तास. काकाची पाळी येईतो रेशीम संपलं. मग त्याला चपला शिवायच्या जाड दोऱ्यानं कसंबसं शिवलं.

"वा वहिनी! नवऱ्याला रेशीम आणि दिराला पोतं?" काका येताजाता टोमणा मारायचा. बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे.

पुढे आम्ही सगळे पळून या परक्या देशात आलो. इथला कायदा चांगला आहे. परत गेल्यावर ज्याचा छळ होईल, त्याला परत पाठवता येत नाही. फक्त छळाचा पुरावा लागतो. कोर्टाच्या डॉक्टरांनी दोघांना शर्ट काढायला लावले आणि मोजपट्टी घेऊन पाठी तपासल्या. काकाच्या पाठीवरचे ते वेडेवाकडे व्रण बघून त्यांना पट्टीसुद्धा लावावी लागली नाही. काका वाचला!

बाबांच्या पाठीवर मारल्याची खूणच सापडली नाही, म्हणून सोमवारी त्यांना त्याच चौकीच्या ताब्यात देणार आहेत.