वाकडी रेघ

बंदरात जहाजांची एवढाली धुडं उभी असतात, पण त्यांतून माझ्या सुनेची पिटुकली बोट मी गॅलरीतून बरोबर हुडकते. ती बोट पाण्याची खोली मोजते. लादी पुसावी तशी सरळ जाते, वळते, शेजारून परत येते. रेघ वाकडी गेली की पुन्हा मोजायची. काल दुपारी मी जरा आडवी झाले, उठून बघते तर बाईसाहेब तीच रेघ पुन्हा मोजतायत! सुकाणू हिच्याच हातात. संध्याकाळी दारातच धरलं.

"काय गं, लक्ष कुठे होतं? साहेब बोलले असतील."

"बोलले ना. दुर्बीणही काढून घेतली."

"मोजणीला दुर्बीण कशाला लागते?"

"मोजणीला नाही लागत, आई. रोज गॅलरीत दिसता, आज दिसला नाहीत, म्हणून शोधत होते."