दारातला रस्ता

जेवण झाल्यावर मुरुगेसन ढाब्यावरच्या खाटेवर आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. बारा वर्षं कन्याकुमारीहून ट्रक घेऊन येता-जाता तो गिरिजाबाईंच्या ढाब्यावर थांबायचा.

पोलिसांचे सोपस्कार आटोपल्यावर ट्रकमालकाचा फोन आला. "एवढ्या लांब कोण आणणार? तिथंच उरकून टाका."

"त्याचं घर आहे, बायको आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "मी आणते."

ढाबा जावेवर सोपवून त्या शववाहिकेत बर्फाच्या पेटीशेजारी बसल्या. आदिलाबादच्या पलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. हैदराबाद गेलं, बंगळूर गेलं, पाट्यांवरची अक्षरं बदलत राहिली. रस्ता मात्र त्यांच्या ढाब्याच्या दारातून थेट कन्याकुमारीला जाणारा, तोच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी नागरकोइलजवळचं त्याचं गाव आलं. अंगणात त्याला शेवटची अंघोळ घालायची तयारी झाली होती. त्याच्या बायकोनं तांब्या भरून गिरिजाबाईंपुढे धरला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली.

गिरिजाबाई मागं सरल्या. "मी परकी बाई. हा मान घरच्यांचा."

हिंदी येणाऱ्या शेजाऱ्यानं दोघींना एकमेकींचं बोलणं सांगितलं. "ती म्हणते, वर्षाचे दहा महिने तो रस्त्यावरच असायचा. त्याच्या तिकडच्या घरातून तुम्ही आलात. पहिलं पाणी तुम्ही घाला."

गिरिजाबाईंनी तांब्या घेतला आणि ओतण्याआधी त्याच्या बायकोपुढे धरला. तिनं खालून आपला हात लावला.