न सोललेला खांब

शिरपूरच्या स्टँडवर दीपमालासाठी ढोल वाजले, हार पडले. पोहण्याच्या जागतिक स्पर्धेत भारताची रिले टीम शेवटून पहिली आली होती. पण पोर देशाकडून पोहून आली, गावाला तेवढं पुरे होतं. तिचं ओढूनताणून हसणं बापाला बघवेना. घरी एवढंच म्हणाली, "आबा, आते पानीच नको वाटस." आठवडाभर मळ्यातल्या विहिरीकडे फिरकली नाही. त्याच विहिरीत तिच्या लहानपणी बापाने पोटाखाली केळीचा खांब दिला आणि रोज गुपचूप एकेक सोपट सोलून तो बारीक करत नेला होता. खांब कधी संपला, पोरीला कळलंच नव्हतं. आज त्याने बागेतला सगळ्यांत जाड खांब तोडला, न सोलता पाण्यात लोटला आणि तिला बोलावलं. "पोहानं नही. नुसती धरी ऱ्हाय." उतरून तिने खांबावर गाल टेकवला. सवयीने पाणी मारत राहिलेले तिचे पाय बऱ्याच वेळाने थांबले, आणि ती नुसती तरंगत राहिली.