चौकटीतला अबोला

त्याने घडवलेल्या पितळी चौकटीत तिने ओतलेल्या जाड रंगीत काचेची कड झाकली जाणार, यावरून नवराबायकोत अबोला सुरू झाला. आधी बोलेल तो हरला, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण चौकट बसवायला चार हात लागतात. ती काच धरून उभी राहिली, तो वाकून स्क्रू आवळू लागला. आणखी आवळला तर काच तडकणार, हे तिच्या बोटांना जाणवलं. खाकरून तिने पाय आपटला. त्याला वाटलं, हिचा राग उतरलेला नाही. त्याने आणखी जोर लावला. “अहो, पुरे!” ती ओरडली. त्याचा हात थांबला. “हरलीस! आधी तूच बोललीस.” “तुमच्याशी कोण बोललं? मी काचेला म्हटलं.” “काचेला अहो?” “ती निदान माझं ऐकते. मान द्यायला नको?” “मीही ऐकतो की,” म्हणत त्याने स्क्रू अर्धा आटा सैल केला.